पोर्टोतली वाईन: चवीला पाच तारे, इतिहासाला अडीच

पोर्टोचा दोन मजली लोखंडी पूल ओलांडला की पलीकडे व्हिला नोव्हा द गाया. नदीकाठाने ओळीत वाईनची कोठारं, आणि पाट्यांवर नावं सँडमन, टेलर, कॉकबर्न. पोर्तुगालच्या वाईनवर सगळे इंग्रज! आम्ही गेलो त्या कोठाराचं नाव देत नाही, पुढे तक्रार आहे. माणशी 25 युरो, सव्वा तास, तीन पेले.

पोर्ट वाईनचा टॉनी हा प्रकार चुकवू नका. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली, अक्रोड आणि सुक्या अंजिराच्या चवीची. रस आंबत असतानाच द्राक्षाची दारू ओततात, म्हणून गोडी मागे राहते आणि मद्यार्क 20 टक्क्यांच्या आसपास जातो. गोव्याहून यायची ती ‘पोर्ट वाईन’ मी आजवर खोकल्याच्या औषधासारखी घेत होते. ती वेगळी, ही वेगळी.

गाईड मुलगी गोड. 1386 चा इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीचा विंडसरचा तह, पुढच्याच वर्षी याच शहरात इंग्लंडच्या फिलिपाचं पोर्तुगालच्या राजाशी लग्न, हे तिने रंगवून सांगितलं. 1703 चा करारही नीट समजावला: इंग्लिश लोकरी कापडाला पोर्तुगालचा बाजार मोकळा, बदल्यात पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात. पाट्यांवरची इंग्रज नावं तिथे उलगडली.

पण भिंतीवरच्या सनावळीत 1661 नाहीच! मी वसईची, गप्प कशी बसणार? म्हटलं, अगं, तुमच्या राजकन्या कॅथरीनच्या इंग्लंडच्या राजाशी झालेल्या लग्नात आमची मुंबई आंदण दिलीत, ती कुठाय? पुढे इंग्लंडच्या राजाने तीच मुंबई कंपनीला वर्षाला 10 पौंडांवर देऊन टाकली. आणि 1739 ला चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांच्या वसईला वेढा घातला, तेव्हा हे जुने इंग्रज मित्र मुंबईहून लढायला आले नाहीत ते नाहीतच. आमचे हे कोपराने ढोसत होते, “पुरे आता.”

1890 चंही नाव नाही. आफ्रिकेतल्या अंगोला आणि मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतींच्या मधल्या मुलखातून सैन्य काढा, असा ब्रिटनने दम भरला आणि पोर्तुगालला मान तुकवावी लागली. मुलगी हसली, हळूच म्हणाली, शाळेत शिकलोय आम्ही, पण इथे सांगायचं नसतं.

अभिप्रायाच्या वहीत मराठीत लिहून आले: भिंतीवर मुंबई लिहा. बाटली विकत घेतलीत तर सामानाच्या बॅगेत टाका, विमानात हातात नेऊ देत नाहीत.