वीड पुलर: घाणेरी-सुबाभूळ मुळासकट काढणारी तरफ

बागेतली उपरी झुडपे काढणाऱ्या स्वयंसेवक गटाने कोयत्याच्या आधी ही तरफ घ्यावी. घाणेरी किंवा सुबाभूळ नुसती वरून छाटली की बुंध्यातून पूर्वीपेक्षा दाट फुटवे येतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

छातीपर्यंत येणारी पोलादी दांडी, खाली टेकायचा पाया आणि पुढे जबडा, एवढीच रचना. खोड जमिनीलगत जबड्यात धरून दांडी मागे ओढायची. ओढ बसली की जबडा आवळतो आणि त्याच जोरावर मूळ वर येते. त्याआधी फांद्या छाटून गुडघाभर खोड राखावे, नाहीतर काट्याकुट्यांत जबडा लागतच नाही.

खरी मेख मातीत आहे. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, १ ते ४ सेंटिमीटर जाडीचे खोड सहज निघते. कोरड्या, कडक जमिनीत तेच खोड बुंध्याशी तुटते. मूळ आत राहते ते राहतेच, वर ओढणारा पाठीवर आपटतो. म्हणून झटका न देता दोन-तीन हेलकाव्यांत मूळ सैल करावे. चिखलात उलटा त्रास: झाड जागचे हलत नाही, पायाच रुतत जातो. तरफेच्या पायाखाली फळीचा तुकडा ठेवला की भागते. कोवळ्या खोडाची साल सोलून जबडा निसटला, तर पकड आणखी खाली घ्यावी. ताकद कमी पडते म्हणून दांडीत पाइप घालून ती लांबवू नये, जबड्याची पिन वाकते.

घाणेरीच्या जुन्या ठोंबापुढे मात्र ही तरफ हात टेकते. एकाच बुडख्यातून इतकी खोडे निघालेली असतात की ती जबड्यात मावत नाहीत. तिथे पर्यावरणशास्त्रज्ञ सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत बरी: फुटवे येतात त्या भागाच्या खाली कुदळीने मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा मातीत रुजत नाही. गाजरगवताला तरफेची गरजच नाही. ते फुलण्याआधी हातानेच उपटावे, पण हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, कारण त्याने त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते.

दहा जणांच्या गटाला दोन तरफा पुरतात. बाकीच्यांनी छाटणी करावी आणि खड्डे बुजवावेत. हे दुसरे काम कोणालाच आवडत नाही, पण टाळता येत नाही. सुबाभळीचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि उकरलेल्या जागी लगेच उगवते. माती टाचेने दाबून वर पालापाचोळा पसरावा आणि पुढच्या पावसाळ्यात तिथली रोपे बोटभर असतानाच काढावीत.

घेताना सर्वांत मोठा नग टाळा; तो दिवसभर वागवता वागवता माणूस थकतो. मधला पुरे. जबड्याच्या पिनेला अधूनमधून ग्रीस द्यावे आणि दुसऱ्या बागेत नेण्याआधी तरफेच्या पायाला चिकटलेली माती धुवावी, कारण तिच्यातून बी जाते.