बाणाला व्हेन चिकटवण्याचे जिग : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

व्हेन म्हणजे बाणाच्या शेपटाकडची प्लास्टिकची पिसे, आणि जिग म्हणजे ती सारख्या अंतरावर धरून चिकटवण्याचे साधन. गेल्या नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या या एकच क्लॅम्प (व्हेन पकडणारा चिमटा) असलेल्या जिगबद्दल आज लिहिण्याचे निमित्त असे, की मागच्या आठवड्यात त्याच्या क्लॅम्पचे चुंबक निखळून हातात आले आणि वॉरंटी फक्त मुख्य सांगाड्याला आहे असे कळवून विक्रेत्याने विषय संपवला. चुंबक मी घरातल्या अ‍ॅराल्डाइटने पुन्हा बसवले असून ते घट्ट टिकले आहे. माझी खरी तक्रार नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी खाच असलेला बाणाच्या मागच्या टोकाचा तुकडा, जिगच्या ज्या जिभेवर बसतो, त्या जिभेबद्दल आहे.

माझी मुलगी येथे नाशिकमध्ये कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्यावर सराव करते. पूर्वी व्हेन निघाल्या की बाण दुसऱ्याकडे द्यावे लागत. बाणामागे पन्नास रुपये जात आणि चार दिवस सरावही अडत असे. त्या खर्चाला कंटाळून मी जिग घेतले, आणि पहिल्याच महिन्यात पश्चात्ताप झाला, कारण चिकटवलेल्या व्हेन लक्ष्यातून बाण उपसताना सुटू लागल्या. तेव्हा मी जिगलाच दोष दिला होता. तो दोष आज मागे घेतो. नव्या व्हेनच्या तळाला साच्यातला तेलकट थर असतो आणि शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, बोटांचे तेल लागते. दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळू देऊन, पुन्हा स्पर्श न करता चिकटवल्यावर ही तक्रार संपली. व्हेनच्या दोन्ही टोकांना सरसाचा एकेक थेंब द्यावा, म्हणजे बाण लक्ष्यात शिरताना पुढची कड उचलली जात नाही.

जिभेची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती नॉकच्या खाचेपेक्षा किंचित बारीक असल्याने बसवलेला बाण स्वतःभोवती थोडा फिरतो. आमच्या शाफ्टचा व्यास 6 मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे 18.8 मिलिमीटर आहे. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी व्हेन जवळजवळ साडेनऊ अंशांनी सरकते, आणि तीन व्हेनमधल्या 120 अंशांच्या समान अंतराला काही अर्थ उरत नाही. पन्नास मीटरवर बारापैकी तेच तीन बाण सतत बाहेर जात होते. मुलीने त्यांच्या व्हेनच्या कडांना आईची लिपस्टिक लावून बाण मारले, तेव्हा रेस्टच्या, म्हणजे धनुष्यावर बाण टेकवतात त्या आधाराच्या, पात्यावर रंग उमटलेला दिसला, म्हणजे सरकलेल्या व्हेन तिथे घासत होत्या. ज्या साधनाचे काम अंतर सारखे राखणे एवढेच आहे, त्याच्या निर्मात्याने नेमक्या त्याच ठिकाणी ढिलाई करावी, हे मला अजूनही क्षम्य वाटत नाही.

उपाय स्वस्तात निघाला. नळाला लावतात त्या टेफलॉन टेपचा एक वेढा जिभेवर घट्ट गुंडाळला, आणि क्लॅम्प टेकवण्यापूर्वी प्रत्येक वेळी बाण बोटाने एकाच दिशेला हलकेच फिरवून अडवायची सवय लावून घेतली. टेप पाच-सहा बाणांनंतर बदलावी लागते. ते तीन बाण मी पुन्हा केले. जुन्या व्हेन बोथट पात्याने कापून काढल्या, कारण उष्णतेने कार्बन शाफ्ट आतून कमकुवत होऊ शकतो.

सरसाबद्दलही माझे मत ऋतूगणिक बदलले. आम्ही वापरतो तो झटपट चिकटणारा सरस, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत मी प्रत्येक व्हेन पूर्ण मिनिटभर दाबून धरत असे, तर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पुराचे पाणी आल्याच्या बातम्या येतात त्या पावसाळी दिवसांत क्लॅम्प नीट टेकण्याआधीच सरस धरू लागला आणि दोन व्हेन वाकड्या बसल्या. आता पावसाळ्यात मी एका वेळी एकाच व्हेनला अगदी पातळ रेघ ओढतो. बाटली सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवतो आणि ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाही.

बारा बाणांना मला दोन संध्याकाळी लागतात, आणि जिगची किंमत आतापर्यंत वसूल झाली आहे. तरीही घेणाऱ्यांनी दुकानात आपला स्वतःचा नॉक लावलेला बाण नेऊन जिभेवर बसवून पाहावा, तो हाताने फिरवून पाहावा, आणि किंचितही हलला तर दुसरा नग मागावा.