चेहऱ्याने पेमेंट, ग्रुप फोटोने हिशोब की आपला साधा क्यूआर? ग्रुपमधे पैसे वाटणाऱ्यांसाठी

आमचा ठाण्यात रविवार सकाळचा बॅडमिंटनचा ग्रुप आहे, आठ जण, दोन तास कोर्ट, मग मिसळ आणि मग बुधवारपर्यंत हिशोब. मागच्या वेळी कोर्टचे झाले 1,200, मिसळ सहाच जणांनी खाल्ली (दोघं डाएटवर होते, म्हणजे घरी जाऊन पोहे) तिचे 720, म्हणजे खाणाऱ्यांनी 270 द्यायचे आणि न खाणाऱ्यांनी 150. बिल मी भरलं, ही चूक मी दर रविवारी करतो. त्यावर एक जण म्हणाला अरे आता फेसने पेमेंट होतं ना, मग ग्रुप फोटो काढायचा, अ‍ॅप चेहरे ओळखणार आणि ज्याचे त्याचे पैसे कापून घेणार, विषय संपला. ऐकायला भारी वाटतं, पण यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये.

पहिली गोष्ट म्हणजे चेहरा हे कुलूप. फोन फक्त एवढंच बघतो की समोरचा माणूस मालक आहे की नाही. हे आपल्याकडे आलंय, ऑक्टोबर 2025 मधे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने यूपीआयला पिनच्या जागी बोट किंवा चेहरा वापरायची सोय जाहीर केली, सुरुवातीला एका व्यवहाराला 5,000 पर्यंत. चेहऱ्याचा डेटा फोनमधेच राहतो, बँकेकडे फोटो वगैरे जात नाही, फोन फक्त खात्री पटल्याचा डिजिटल पुरावा पाठवतो. 150 आणि 270 च्या हिशोबाला एवढी मर्यादा भरपूर झाली, आणि मिसळीच्या गर्दीत मागच्या माणसासमोर पिन टाकायची कटकट नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहरा हा पत्ता. इथे सिस्टीम विचारते, हा कोण आहे? आणि त्यासाठी सगळ्यांचे चेहरे आधीच कुठेतरी साठवलेले लागतात. चीनमधे अलीपे ह्या पेमेंट अ‍ॅपने 2017 ला हांगझोऊच्या केएफसीमधे हसून पैसे द्यायची मशीन लावली, मॉस्को मेट्रोत 2021 पासून चेहरा दाखवून गेटमधून आत जाता येतं, आणि ते चालतं. ग्रुप फोटोवाली आयडिया ह्याच जातीची आहे.

आता ती आमच्या हिशोबाला लावून बघा. फोटोत सात जण, कारण आठवा फोटो काढतोय. मागे वेटर आलाय, शेजारच्या टेबलावरचे काका पण अर्धे आलेत. आणि समजा सगळे बरोबर ओळखले तरी फोटोला हे कळणार आहे का की कोणी मिसळ खाल्ली आणि कोणी नुसतं ताक घेतलं? म्हणजे आकडे मलाच टाकावे लागणार, मग वाचलं काय तर ग्रुपमधून आठ नावं निवडायचे दहा सेकंद. वर आमच्यात जुळे भाऊ आहेत, कळव्याचे, त्यांची आई पण फोनवर आवाज ऐकून गोंधळते. अ‍ॅपल स्वतःच सांगतं की त्यांच्या फेस आयडीत भलत्याच माणसाला फोन उघडायची शक्यता 10 लाखात 1 पेक्षा कमी आहे, पण जुळे, सारखी दिसणारी भावंडं आणि 13 वर्षांखालची मुलं यांच्यात ती जास्त असते. आणि तिथे निदान इन्फ्रारेडने चेहऱ्याची खोली मोजली जाते, ग्रुप फोटो तर सपाटच.

शिवाय पिन फुटला तर बदलता येतो, तोंड कुठून बदलणार? फेसबुकने 2021 मधे फोटोतले चेहरे ओळखणं बंद केलं आणि 100 कोटींहून जास्त लोकांचे फेस टेम्प्लेट, म्हणजे चेहरा ओळखायला साठवलेली डिजिटल मापं, पुसून टाकायचं जाहीर केलं. एवढी मोठी कंपनी मागे सरली, तर कुठल्यातरी नवीन स्प्लिट अ‍ॅपला मी सात मित्रांचे चेहरे परस्पर का देऊ, त्यांना विचारलंय का मी?

साधा क्यूआर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ह्याच्यात एक अडचण मात्र खरी आहे. आधी अ‍ॅपमधून मित्राला कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे पैसे मागायची विनंती, टाकता यायची, तो फक्त पिन टाकायचा. फसवाफसवीला त्याचा फार वापर झाला म्हणून 1 ऑक्टोबर 2025 पासून माणसामाणसातली ही रिक्वेस्ट बंद झाली. आता देणाऱ्यानेच उठून पैसे पाठवायचे, तुम्ही फक्त आठवण करू शकता. बिल वाटायचं खरं दुखणं हे आहे आणि त्यावर कुठल्याही कॅमेऱ्याकडे औषध नाही. पैसे भलत्याला जातील ही भीती असेल तर पाठवायच्या आधी बँकेतलं नाव दिसतं, ते वाचायची सवय लावा, एवढी ओळख पुरते.

मित्रांचं सोडून घरातला शेअर्ड खर्च असेल तर गणित वेगळं. माझी आई नेरुळला असते, तिच्या भाजी-औषधांसाठी मला यूपीआय सर्कल जास्त कामाचं वाटतं. ऑगस्ट 2024 मधे आलंय, खातं आपलं आणि फोन तिचा, पूर्ण परवानगी दिली तर महिन्याला 15,000 आणि एका वेळी 5,000 ची मर्यादा, नाहीतर प्रत्येक वेळी आपण मंजुरी द्यायची. तिथे चेहऱ्याचा उपयोग कुलूप म्हणूनच, आणि ज्यांची बोटं कामाने झिजून ठसे उमटत नाहीत त्यांना तो खरंच बरा पडतो.

तर माझं मत विचाराल तर नवीन फोन असेल आणि बँकेच्या अ‍ॅपमधे सोय आली असेल तर पिनऐवजी चेहरा बिनधास्त सुरू करा, फक्त जे फोन नुसत्या पुढच्या कॅमेऱ्याने चेहरा बघतात त्यात बोटाचा ठसाच ठेवा, असे काही फोन फोटो दाखवूनही उघडलेत. फोटोवरून आपोआप वाटणी करणारं काही असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आम्ही आता कोर्टचे 150 खेळायच्या आधीच घेतो, गेटवरच क्यूआर दाखवून, मिसळीचं ज्याचं त्याने बघायचं. जुळ्यांनी मात्र दोघांनी पिनच ठेवलाय, एकमेकांवर विश्वास नाही म्हणे.