बिअर गेम : किरकोळ विक्रेत्याच्या जागेवरून

दुकानात माल कमी पडतो किंवा पडून राहतो तो ग्राहकांच्या मागणीचा अंदाज चुकल्यामुळे, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती. अमेरिकेतील एमआयटीच्या स्लोन व्यवस्थापन संस्थेत 1960च्या दशकात घडवलेला ‘बिअर गेम’ हा पटावरचा खेळ खेळल्यानंतर ती टिकली नाही.

पटावर किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा असतात. प्रत्येकाकडे सुरुवातीला 12 पेट्यांचा साठा असतो. शिल्लक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर आणि न पुरवलेल्या पेटीमागे एक डॉलर खर्च लागतो. खेळाडूंनी एकमेकांशी बोलायचे नसते, केवळ मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची असते आणि मागवलेला माल हाती यायला साधारण चार आठवडे लागतात.

(ज्यांना हा खेळ अजून खेळायचा आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद वाचू नये.)

ग्राहकांची मागणी आठवड्याला 4 पेट्यांवरून एकदाच 8 वर जाते आणि तेथेच स्थिर राहते. मी किरकोळ विक्रेता होतो, म्हणजे ही मागणी प्रत्यक्ष दिसणारा पटावरचा एकमेव माणूस. तरीही साठा संपताच मी आधी 12, मग 16, मग 20 पेट्या मागवत गेलो, कारण अगोदर मागवलेल्या पेट्या वाटेत आहेत हे हिशेबात धरण्याइतका धीर माझ्यात उरला नव्हता. पुढे सगळा माल एकदम येऊन पडला. एमआयटीचे प्राध्यापक जॉन स्टर्मन यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संघांचा सरासरी खर्च किमान शक्य खर्चाच्या सुमारे दहापट निघाला होता आणि त्याचे मुख्य कारण वाटेवरच्या मालाचा हा विसरच होता.

पेट्यांच्या सोंगट्या मोजणे कंटाळवाणे आहे आणि नंतरची चर्चा घेणारा जाणकार संचालक नसेल तर सारा खटाटोप वाया जातो. त्याहून मोठी उणीव म्हणजे येथे माल नासत नाही आणि नफ्याच्या प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. श्वाइट्झर आणि काशॉन या संशोधकांच्या 2000 सालच्या, किती माल मागवायचा ते ठरवण्याच्या वेगळ्या प्रयोगात मागणी 1 ते 300 च्या दरम्यान राहणार हे आधीच सांगितलेले होते. तरी लोकांनी जास्त नफ्याचा माल हवा त्यापेक्षा कमी आणि कमी नफ्याचा माल हवा त्यापेक्षा जास्त मागवला, म्हणजे दोन्ही वेळा ते मागणीच्या सरासरीकडेच ओढले गेले. दूध, पाव किंवा वृत्तपत्रे विकणाऱ्याला ही खोड अधिक महाग पडते आणि ती या पटावर दिसत नाही.

तरीही औषधे, किराणा वा सुटे भाग विकणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांसह एक दुपार या खेळाला अवश्य द्यावी. आमच्या नोंदपत्रकात साठा, थकीत मागणी आणि नवी मागणी एवढेच रकाने होते. दुसऱ्या डावात संचालकांनी मागणीचे पत्ते बदलले, तेव्हा मी ‘वाटेवरचा माल’ असा चौथा रकाना पेनाने आखून घेतला आणि दर आठवड्याला तो भरल्यावरच चिठ्ठी लिहिली.