स्वतः विणलेली क्रोशाची रंगीत कॉटन पर्स: आठ महिने रोज लोकलमध्ये वापरल्यावर

काल संध्याकाळी डोंबिवलीच्या पुलावर ऐन गर्दीत माझ्या क्रोशाच्या पर्सचा बंद सुटला. बंद तुटला नाही, तो पिशवीला जिथे शिवला होता ती शिवण गेली, आणि आतली एक लिटरची स्टीलची बाटली टणटण करत पायऱ्या उतरायला लागली. खाली एका काकांनी चप्पल आडवी घालून ती थांबवली, हातात दिली आणि विचारलं, "घरी केलीय का पर्स?" इतकं दिसतं का हो ते?

तर एप्रिल चालू आहे, पर्स जानेवारीपासून वापरतेय, आणि चिडले आहे तोवरच लिहून टाकते.

साखळी, खांब, मुका खांब हे क्रोशाचे टाके ज्यांना येतात त्यांच्यासाठीच हे आहे, त्यामुळे कृती सांगत बसत नाही. आठ पदरी कॉटन, साडेतीन एमएमची सुई, सगळी पर्स मुक्या खांबाची. तळ गोल, सहापासून सुरू करून दर फेरीला सहा वाढवत बावीस फेऱ्या, म्हणजे १३२ टाके, मग न वाढवता वर साठ फेऱ्या. दर तीन फेऱ्यांनी रंग बदलला. लाल, पांढरा, मोरपिशी, पिवळा, जांभळा. दिसायला वीस पट्टे फार गोड दिसतात पण वीस पट्टे म्हणजे चाळीस टोकं, आणि ती चाळीस टोकं सुईत ओवून आतून लपवण्यात माझा एक अख्खा रविवार गेला. हे कुठल्याच व्हिडिओत दाखवत नाहीत, तिथे फक्त "अँड वीव्ह इन युअर एन्ड्स" म्हणतात आणि पुढच्या सेकंदाला पर्स तयार.

पहिला तळ मी उसवला तो वेगळाच. पॅटर्न होता ब्रिटिश, त्यात लिहिलेलं डबल क्रोशे, मी अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलेली, म्हणून सरळ उंच खांब घालत गेले. ब्रिटिशांचा डबल म्हणजे अमेरिकनांचा सिंगल, म्हणजे आपला साधा मुका खांब! खांबाच्या मधल्या फटीतून रुपयाचं नाणं आरामात खाली पडत होतं. सासूबाईंनी चष्म्यावरून बघून सांगितलं, "अगं हा रुमालाचा टाका घातलायस, पिशवीचा नाही." त्यांचं सगळं आयुष्य बारीक पांढऱ्या दोऱ्याची तोरणं आणि टीव्हीवरचे रुमाल करण्यात गेलं, त्यांना पॅटर्न लागत नाही.

आता मुद्द्यावर येते. बंद.

पर्सबद्दल बाकी काहीही विचारा, मी फिरून बंदावरच येणार आहे. नऊ टाक्यांचा, आडव्या ओळी घालत घालत ७५ सेंटीमीटर केला होता. जानेवारीत खांद्याला अडकवली की पर्स बरोबर कमरेशी यायची, हात सहज आत जायचा. फेब्रुवारीत ती जराशी खाली आलीय असं वाटलं, म्हटलं भास असेल. मार्चमध्ये चालताना मांडीवर आपटायला लागली तेव्हा शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजला तर ९३! अठरा सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, काही न विणता फुकट मिळालेली. नवरा म्हणाला हे बरं आहे, अजून वर्षभराने स्कार्फ म्हणून वापर.

हे का होतं ते नंतर डोक्यात शिरलं. लोकर ओढली की परत जागेवर येते, तिच्या तंतूलाच कुरळेपणा असतो. कॉटनला तसली स्प्रिंग नाही, ते गेलं की गेलं. त्यात क्रोशा म्हणजे नुसती फासात फास घातलेली जाळी, आणि माझ्या पर्समध्ये बाटली, दोन कप्प्यांचा डबा, छत्री, चार्जर, कधी कधी परतीच्या वाटेवर घेतलेली मेथीची जुडी. वजनकाट्यावर ठेवली तर अडीच किलो भरली. फोर्थ सीट मिळाली तर मांडीवर, नाही तर अडीच किलो एका तासासाठी त्या नऊ टाक्यांवर.

आणि सूत. ऑनलाइन मागवलेलं, पाच रंगांचे शंभर शंभर ग्रॅमचे पाच गुंडे, लेबलवर "१०० टक्के कॉटन", कुरिअर धरून ९४० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच डोक्याला ताप नको. पिवळा गुंडा पहिल्या दिवसापासून हाताला वेगळाच लागत होता, जरा घसरडा, सुईवर कचकच करणारा. मार्चमध्ये बंद ९३ भरल्यावर डोकं फिरलेलं होतंच, गॅसपाशी बसले आणि पाचही रंगांचा वीतभर धागा चिमट्यात धरून एकेक करून जाळला. लाल, पांढरा, मोरपिशी, जांभळा कागदासारखे जळले, तसाच वास, बोटांनी चुरली तर मऊ राख. पिवळा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. म्हणजे कॉटनमध्ये ॲक्रिलिकसारखं काहीतरी कृत्रिम मिसळलेलं, आणि दर मात्र शंभर टक्क्यांचा घेतलेला!

फोटो काढून मेल केला. उत्तर आलं, "अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा." अहो, मी नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या धाग्याचा व्हिडिओ कशाला काढून ठेवीन, सोनं आहे का ते? मी परत लिहिलं, जळलेल्या मण्याचा अगदी जवळून फोटो लावला. त्यावर उत्तर, "रिटर्नची मुदत सात दिवस आहे." तिसऱ्या मेलला उत्तरच नाही. १८८ रुपयांचा गुंडा, त्यासाठी मी किती संध्याकाळी जाळल्या ते नका विचारू, पण प्रश्न पैशाचा नाही. बरं, आहे, पैशाचापण आहे.

थोडक्यात, ९४० चं सूत, १२० चं अस्तराचं कापड, टेलरचे ८० आणि माझे अंदाजे तीस तास. स्टेशनबाहेर अडीचशेला रेक्झिनची पर्स मिळते आणि ती लांबत नाही. परत कधी नाही.



वरचं सगळं एप्रिलमध्ये लिहून मोबाइलच्या नोट्समध्ये तसंच पडलं होतं. आता सप्टेंबर आहे, पर्स अजून रोज खांद्यावर आहे, आणि वरच्या दोन-तीन गोष्टी मला मागे घ्यायच्या आहेत. खोडत नाही, तेव्हा खरंच तसंच वाटत होतं.

पहिलं म्हणजे बंद. मे महिन्यात दुसरा विणला. यावेळी आडव्या ओळी नाही, लांबीच्या दिशेने, दीडशेच्या आसपास साखळ्या घालून त्यावर लांबच लांब ओळी. ओळींची दिशा बदलली की ताण वेगळा बसतो आणि बंद कमी लांबतो. सूतही बदललं, मर्सराइज्ड घेतलं, ते चकाकी असलेलं. कॉटनला कॉस्टिक सोड्यातून काढायची ही युक्ती जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये शोधली म्हणून त्याचं नाव. असं सूत जास्त मजबूत असतं आणि कमी ताणतं. महाग आहे, पण बंदापुरतं एक गुंडा पुरे. दोन महिन्यांत ७५ चे ७९ झाले, म्हणजे पहिल्यापेक्षा बरंच बरं, तरी मी रोज रात्री मोजायचे. घरच्यांनी टेप लपवून ठेवली होती मध्यंतरी.

आणि मग जुलैमध्ये ७:४८ ला नेहमी भेटणाऱ्या एक काकू आहेत, त्यांनी गाडीतच बंद हातात घेऊन दोन्ही टोकांनी ओढून बघितला, उलटा केला आणि म्हणाल्या, "आत काही घातलं नाहीस?"

"आत काय घालायचं?"

"अगं, निवार, खाटेला असते ती जाड पट्टी. एक इंची. क्रोशा दिसायला वर, वजन घ्यायला निवार. इतकं शिकलात गं तुम्ही मुली."

झालं. नव्वद सेंटीमीटर निवारपट्टी, अठरा रुपये. बंद पुन्हा ७५ वर आणून दुमडला, पट्टी आत घातली, कडेने हातशिलाई केली आणि निवारीची टोकं पर्सच्या आत खाली अस्तरावर नेऊन मशिनने चौकोन आणि मधे फुली अशी शिवून घेतली. एप्रिलमधला माझा मूळ घोळ तोच होता, बंदाचं सगळं वजन मी एका ओळीच्या सुती दोऱ्यावर टांगलं होतं. विणकामाचा एकही टाका गेला नव्हता, उगाच विणकामाला शिव्या घातल्या. (त्याआधी घरात पडलेला साडीचा फॉल दुहेरी करून घालून बघितला होता, फुकट म्हणून. तीन आठवड्यांत कडेने विरला. फॉल फॉलच्या जागीच बरा.)

दुसरं म्हणजे अस्तर. १२० रुपयांचं कोरं मांजरपाट मी न भिजवता तसंच टेलरकडे दिलं होतं. पहिल्या धुण्यात ते आटलं, बाहेरची पर्स तेवढीच राहिली, आणि सगळी पर्स चुण्या पडलेल्या पुरीसारखी दिसायला लागली. तोच टेलर, "ताई, भिजवून आणायचं ना." आधी बोलला असतास तर बाबा! मग आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, जुना पॉपलिनचा परकर कापला. शंभर वेळा धुतलेला, आटायचं ते आटून झालेलं, रंग जायचा तो जाऊन झालेला. त्याला आतून चेनचा कप्पा, आणि परकराच्याच नाडीने किल्ली अडकवायचा फास. खर्च शून्य. आठ महिन्यांतलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच, आणि पर्स उघडल्याशिवाय ते कुणाला दिसतही नाही.

पावसाळा मात्र वाईट गेला. कॉटन पाणी पितं, भिजलेली पर्स उचलली की बादली उचलल्यासारखं वाटतं. जूनच्या पहिल्या पावसात लाल रंग उतरला, शेजारचे पांढरे पट्टे गुलाबी झाले, आणि माझ्या क्रीम कुर्त्यावर कमरेशी एक गुलाबी डाग कायमचा बसला. मिठाच्या पाण्यात ठेवून झालं, व्हिनेगर घालून झालं, तयार रंगवलेल्या सुतावर त्याचा काही उपयोग होत नाही, पाणी पाचव्यांदाही गुलाबीच. विणायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात लाल धागा पाच मिनिटं घट्ट दाबून ठेवायचा होता, तिथेच कळलं असतं. आणि वाळवताना बंदाला धरून दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने अजून लांबते. टॉवेलवर आडवी, पंख्याखाली, पावसाळ्यात दोन दिवस लागतात.

आता गंमत. आठ महिन्यांनंतर सगळ्यात ताजा दिसणारा रंग कुठला? पिवळा! तो भेसळवाला. मोरपिशी उन्हाने विटला, जांभळ्याचा धुऊन धुऊन फिका मळकट रंग झाला, लालाचं सांगितलंच, आणि हा ॲक्रिलिकवाला हलकट अजून झेंडूसारखा पिवळाधमक. काखेशी घासला जातो तिथे त्याच्यावर बारीक गोळे आलेत, ते मी ब्लेडने काढते, पण रंग जागचा हललेला नाही. त्या दुकानाला हे मी अर्थातच कळवणार नाही.

आणि किंमत. ऑफिसातल्या एकीने अगदी प्रेमाने सांगितलं, "मलापण अशीच करून दे ना, तीनशे देते." सुताचा खर्च सांगितला तर म्हणे, "पण तू टीव्ही बघता बघताच करतेस ना?" तर एकदाच सांगते, क्रोशाचा खरा टाका कारखान्यातल्या मशिनला जमत नाही. विणकामाची मशिनं आहेत, क्रोशासारखं दिसणारं कापड निघतं, पण हा टाका हातानेच पडतो. मॉलमध्ये टांगलेली खऱ्या क्रोशाची पर्ससुद्धा कुणीतरी बसून हाताने केलेली असते. आंध्रात नरसापूरच्या बायका पिढ्यानपिढ्या क्रोशाची लेस करतायत, २०२४ मध्ये त्या लेसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या कामाचा मोबदला ऐकला की आपलं तीनशेचं गणित कुठून येतं ते कळतं. माझ्या पर्समध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास टाके आहेत, एका रात्री हिशोब केला. तीनशे रुपयांत टाक्याला तीन पैसे पडतात, सुताचे पैसे न धरता. मी तिला सुई देऊ केली, साडेतीन एमएमची, माझ्याकडे दोन आहेत. अजून न्यायला आली नाही.

एकूण खर्च मेमधलं मर्सराइज्ड सूत आणि निवार धरून १४०० च्या थोडा खाली गेला. पाच गुंड्यांपैकी जवळजवळ अर्धं सूत उरलं आहे, आधी वजन करून तीनशे ग्रॅमच घ्यायला हवं होतं, पण दुकानं प्रत्येक रंगाचा अख्खा गुंडाच देतात. उरलेल्यातून आईंनी त्यांच्या मोबाइलसाठी गळ्यातली छोटी पिशवी सुरू केलीय, लाल वगळून. त्यांच्या बंदात पहिल्या दिवसापासून निवार आहे.

आज सकाळी मोजला, साडेपंचाहत्तर. दोन महिन्यांत अर्धा सेंटीमीटर. आता खरं सांगायचं तर ऑगस्टपासून मी स्टीलची बाटली नेत नाही, अर्धा लिटरची प्लास्टिकची नेते, तेव्हा या आकड्यातलं थोडं श्रेय तिचं धरा. टेप आता पर्सच्या चेनच्या कप्प्यातच असते.