'टू बी ओपन्ड' की 'दॅट कॅन बी ओपन्ड': ऑफिसच्या इंग्रजीत मी काय धरलं आणि का

आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने परवा विचारलं, सर, 'द फॉर्म टू साइन' लिहू की 'द फॉर्म दॅट यू मस्ट साइन', दोन्हीतलं बरोबर कुठलं? दोन्ही बरोबर आहे गं, ग्रामर दोन्हीला पास करतं, प्रश्न कुठलं कुठे घ्यायचं हा आहे. मी वाशीत डिस्पॅचच्या कामाला आहे, दिवसाला तीस-चाळीस मेल जातात, आणि गेली काही वर्षं मी दोन्ही वापरून बघितलंय. त्यामुळे हे माझ्या अनुभवाचं, इंग्रजीच्या प्रोफेसरचं नाही. रिलेटिव्ह क्लॉज (नामाला मागून जोडलेलं 'दॅट यू मस्ट साइन'सारखं उपवाक्य) काय, मोडल (कॅन, मस्ट, माइट वगैरे) काय हे शाळेत झालंय, ते परत काढत नाही.

आधी 'टू'वाल्याची बाजू घेतो कारण तो खरंच गुणी आहे. छोटा आहे. 'समथिंग टू ईट', 'नो टाइम टू वेट', 'थिंग्ज टू डू', इथे मध्ये दॅट-कॅन-मस्ट घुसवलंत तर वाक्य लग्नात सूट घालून आलेल्या मामासारखं अवघडतं. मेलचा सब्जेक्ट, एक्सेलचा कॉलम, फोल्डरचं नाव, या जागी तोच हवा. आणि आपल्याला तो जवळचा वाटतो कारण मराठीत तोच ढाचा आहे, 'करायचं काम', 'द्यायचे पैसे', 'भरायचा फॉर्म'. फक्त आपण ते नामाच्या आधी ठेवतो आणि इंग्रजी नंतर. त्यामुळे आपल्या हातून तो पटकन लिहिला जातो, चुकतही कमी.

आणि गोची तिथेच आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एका पार्टीचा माल तुर्भ्याच्या गोडाऊनमध्ये आला होता, साठ खोके. त्यांचा सर्व्हेअर येऊन कुठलेही पाच उघडून बघणार होता. मी घाईत, ट्रान्स हार्बरच्या गाडीत उभ्या-उभ्या, घणसोली ते कोपरखैरणे या अंतरात मेल टाकला की सोबत लिस्ट जोडलीय, 'कार्टन्स टू बी ओपन्ड फॉर इन्स्पेक्शन'. माझ्या डोक्यात होतं, यातले कुठलेही उघडता येतील. गोडाऊनवाल्यांनी वाचलं, हे उघडायचेत. साठच्या साठ उघडले. सर्व्हेअर यायच्या आधीच. नंतर टेप मारत बसले रात्री साडेनऊपर्यंत, गाडी दुसऱ्या दिवसावर गेली, पार्टी म्हणाली आमचं ओरिजिनल पॅकिंग का फोडलं, आणि सगळ्यात डोक्याला शॉट म्हणजे मी चुकलो असं कोणाला म्हणताही येईना आणि ते चुकले असंही म्हणता येईना, कारण वाक्याचे दोन्ही अर्थ निघत होते! खरं सांगायचं तर मी जे लिहिलं त्याचा त्यांनी घेतलेला अर्थच जास्त सरळ होता.

'टू' लावलं की 'उघडायलाच हवेत' आणि 'उघडले तरी चालतील' यातला फरक वाक्याच्या पोटात गडप होतो. कोणी उघडायचे तेही जातं. 'कार्टन्स दॅट युअर सर्व्हेअर कॅन ओपन' लिहिलं असतं तर दोनेक शब्द जास्त गेले असते आणि रात्र वाचली असती.

त्यानंतर मला हे सगळीकडे दिसायला लागलं. 'द फर्स्ट पर्सन टू कॉल' घ्या. ज्याने सगळ्यात आधी फोन केला तो, की ज्याला आपण सगळ्यात आधी फोन करायचा तो? दोन्ही. एकदा हे कळलं की इमर्जन्सी नंबरच्या लिस्टवर ते लिहायची हिंमत होत नाही. 'द फर्स्ट पर्सन यू शुड कॉल' लिहा, विषय संपला.

नकारात तर अजून वाईट. 'कार्टन्स नॉट टू बी ओपन्ड' म्हणजे मनाई, उघडू नका, एवढंच निघतं. पण गोडाऊनमध्ये मला दहापैकी आठ वेळा म्हणायचं असतं की उघडायची गरज नाही, उघडलात तर कोणी मारणार नाही. ते 'टू'मध्ये बसतच नाही. त्याला 'दॅट नीडन्ट बी ओपन्ड' किंवा 'दॅट यू डोन्ट हॅव टू ओपन' हेच लागतं. मस्ट नॉट म्हणजे 'नकोच' आणि नीड नॉट म्हणजे 'गरज नाही' हे आपले लोक बोलताना सर्रास उलटसुलट करतात, मीही करायचो.

तसंच 'माइट'. 'द रेट्स दॅट माइट चेंज', बदलू शकतील असे रेट. हे 'टू'ने सांगून बघा. 'द रेट्स टू चेंज' झालं की अर्थ होतो आपण बदलायचे रेट, आणि अकाउंट्सवाला खरंच बसेल बदलायला. शक्यता सांगायची असेल तर दुसरा रस्ता नाहीच, निदान मला तरी सापडला नाही.

आता माझ्या आवडत्या 'दॅट-कॅन'वाल्याचे नखरे, कारण तोही साधा नाही. एक तर आपली जो-तो ची सवय. 'जो फॉर्म तुम्ही साइन करायला पाहिजे तो टेबलवर आहे' हे तसंच उचलून 'विच फॉर्म यू मस्ट साइन, दॅट फॉर्म इज ऑन द टेबल' लिहिणारे मी रोज बघतो आणि वाचणारा गोरा असेल तर त्याच्या कपाळावरची आठी मला इथून दिसते. फॉर्म पुढे आणायचा, जोडशब्द त्याच्या मागे, आणि दुसरा 'तो' इंग्रजीला नकोच. दुसरं म्हणजे दॅट गाळायचा मोह. 'द फॉर्म यू मस्ट साइन' चालतं, छान चालतं. पण 'द पर्सन हू कॅन हेल्प यू' मधला हू काढलात तर 'द पर्सन कॅन हेल्प यू' हे वेगळं पूर्ण वाक्यच होऊन बसतं आणि पुढचं क्रियापद लटकतं. म्हणजे नाम स्वतःच काम करणारं असेल तर हू-विच-दॅट ठेवायचं, दुसरं कोणी त्यावर काम करत असेल तर गाळलं तरी चालतं. तिसरं, शेवटचा टू. 'द पर्सन यू शुड टॉक टू', तो शेवटचा टू आपल्याकडे हमखास गळतो. पण हा दोष दोघांच्या वाट्याला, 'द पर्सन टू टॉक टू' मध्येही तो लागतोच. आणि 'हू कॅन एबल टू डू' हे कृपया नको, कॅन किंवा एबल टू, एकच काय ते.

एक मात्र कबूल करतो. मोडल टाकला म्हणजे सगळं स्वच्छ झालं असं नाही. 'कार्टन्स दॅट मे बी ओपन्ड' मध्ये मे म्हणजे परवानगी की शक्यता? कस्टम्सवाले कदाचित उघडतील, की तुम्ही उघडा, हरकत नाही? मी म्हणून मे सोडून दिला, परवानगीला कॅन आणि शक्यतेला माइट, बस. कोणी म्हणेल कॅन जरा घरगुती वाटतो, वाटू दे.

माझा मेहुणा ऐरोलीला आयटीत आहे, त्याला हे सांगितलं तर हसला. म्हणे इंटरनेटचे टेक्निकल नियम ज्या आरएफसी नावाच्या कागदांत असतात, त्यात २११९ नंबरचा एक कागद १९९७ सालापासून आहे, तो फक्त यासाठी की मस्ट, शुड, मे यांचा अर्थ काय धरायचा. मस्ट म्हणजे पर्याय नाही, शुड म्हणजे तसंच सबळ कारण असेल तर परिणाम तोलून सोडता येतं, मे म्हणजे तुमची मर्जी. तरी लोक गोंधळले म्हणून २०१७ मध्ये अजून एक कागद काढून सांगावं लागलं की हे अर्थ त्या शब्दांना कॅपिटलमध्ये लिहिलं तरच लागू. म्हणजे मी साठ खोक्यांवर जे शिकलो ते त्यांनी आधीच छापून ठेवलं होतं, असो.

मग काय घ्यायचं? तुमचं काम माझ्यासारखं नसेल, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर 'बुक्स टू रीड' ची यादी करताय, तर 'टू'च घ्या, उगाच लांबड नको. टेंडर किंवा अ‍ॅग्रीमेंट असेल तर तिथे वकिलांचं 'शॅल' चालतं, त्यात मी बोलणारा कोण. पण वाचणारा दुसऱ्या गावात असेल, तुम्हाला फोन न करता वाचून लगेच हाताने काहीतरी करणार असेल, आणि केलेलं परत फिरवता येणार नसेल, तर मला वाटतं रिलेटिव्ह क्लॉजवर ते दोन जास्तीचे शब्द खर्च करावेत. मी तरी आता सब्जेक्टमध्ये 'टू' आणि आतल्या पहिल्या ओळीत दॅट-कॅन किंवा दॅट-मस्ट, असं लिहितो. जरा दुप्पट काम आहे, पण जमतं.

त्या नव्या मुलीला मी एवढंच सांगितलं की आधी मराठीत बोलून बघ, 'उघडायचे' म्हणतेस की 'उघडता येतील असे' म्हणतेस, दुसरं आलं तर 'टू' लिहू नकोस. गोडाऊनच्या सुपरवायझरला मात्र कशाचाच भरवसा राहिलेला नाही. आजही माझी लिस्ट गेली की पाच मिनिटांत त्याचा फोन येतो, साहेब, उघडायचेत की उघडले तरी चालतील?