जेलीफिन: बाबांच्या ३१ टेपा हॉलमधल्या टीव्हीवर

बाबा गेल्यावर कपाट आवरताना हँडीकॅमच्या छोट्या मिनीडीव्ही प्रकारच्या ३१ टेपा निघाल्या. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. नाशिकचा २००३चा सिंहस्थ, तिवंध्याची रहाड (रंगपंचमीचा हौद), रामरथ, २००८चा पूर. हँडीकॅम केव्हाच बंद पडलेला, म्हणून मेन रोडजवळच्या एका स्टुडिओतून त्या हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या. तासाभराच्या टेपेला साधारण १३ जीबी लागतात, सगळ्या मिळून चारशे जीबी झाले. पण आईला त्याचा काही उपयोग होईना. कॉम्प्युटर माझ्या खोलीत आणि त्या खुर्चीत तिला दहा मिनिटंही बसवत नाही. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर टीव्ही ती फाइल उघडायलाच तयार नाही. "मला काही कळत नाही त्यातलं. यांनी काढलेलं मला इथे पलंगावरून बघायचंय," एवढंच ती म्हणाली.

त्यासाठी जेलीफिन बसवलं, त्याला आता आठ महिने झाले. ज्यांच्या घरी असं घरचं शूटिंग पडून आहे त्यांनी ते नक्की बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर दाखवणारा हा फुकट आणि मुक्त प्रोग्रॅम आहे. एम्बी नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमचा पुढचा कोड खुला राहणार नाही असं ठरलं, तेव्हा २०१८च्या डिसेंबरमध्ये त्याच्या जुन्या खुल्या कोडवरून जेलीफिन सुरू झालं. पैसे भरायचे नाहीत, कुठल्या कंपनीकडे खातं उघडायचं नाही. कॉम्प्युटरवर त्याचा सर्व्हर, म्हणजे व्हिडिओ पुरवणारा भाग, बसवायचा, फोल्डर दाखवायचं, टीव्हीवर त्याचं ॲप टाकायचं. मग घरातल्या घरात, राउटरमधूनच चित्र टीव्हीपर्यंत जातं. इंटरनेट बंद असलं तरी बिघडत नाही. माझा कॉम्प्युटर जुना आहे, सहाव्या पिढीचा आय५ आणि ८ जीबी रॅम. एवढ्यावर काम झालं.

पहिल्या दिवशी टीव्हीला सर्व्हर सापडेचना. विंडोजमध्ये घरचं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं होतं, ते 'प्रायव्हेट' केल्यावर सापडला. राउटरमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा ठरवून टाका, नाहीतर तो कधीतरी बदलतो आणि टीव्ही जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. कॉम्प्युटरचं आपोआप झोपणंही बंद करा.

खरा त्रास पुढे झाला. आई पहिल्यांदाच रहाडीची टेप बघत होती. रंगाने भरलेल्या त्या हौदात पोरं धप्पा मारतायत आणि दर अर्ध्या मिनिटाला चित्र थांबून गोल चक्र फिरतंय. पाच मिनिटांत ती उठून आत गेली. मला फार वाईट वाटलं. चूक माझीच होती. मी कॉम्प्युटरही वायफायवर ठेवला होता आणि टीव्हीही. म्हणजे तोच डेटा आधी कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत आणि मग राउटरपासून टीव्हीपर्यंत, असा एकाच हवेतून दोनदा जात होता. त्यात आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटचा राउटर वायफायच्या त्याच २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यात. एमजी रोडवरून १५ मीटर लॅन केबल आणली, कॉम्प्युटर राउटरला वायरने जोडला, टीव्ही वायफायच्या ५ गीगाहर्ट्झ पट्ट्यावर टाकला. त्यानंतर चक्र दिसलेलं नाही. एकच वायर टाकणं शक्य असेल तर ती सर्व्हरला टाका.

दुसरी गोष्ट जुन्या टेपांपुरती, पण महत्त्वाची. हँडीकॅमचं चित्र एक आड एक ओळींनी नोंदलेलं असतं, सेकंदाला ५० अर्धी चित्रं. आजच्या पडद्यावर ते तसंच दाखवलं तर हलणाऱ्या माणसाच्या कडेला फणीचे दात दिसतात. गोदावरीत बुडी मारून वर येणाऱ्या साधूच्या जटा अशा दातेरी झाल्या होत्या. टीव्हीला जी फाइल झेपत नाही ती जेलीफिन चालू असतानाच बदलून पाठवतं, याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि त्यात हे दातही घालवता येतात. पण त्यासाठी प्रोसेसर सतत राबतो. मी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये दात काढून सगळ्या टेपांच्या एचडॉट२६४ प्रकारच्या फाइली आधीच करून घेतल्या. टेपेमागे दीड-दोन जीबी. त्या टीव्ही जशाच्या तशा चालवतो, कॉम्प्युटर शांत बसतो. मूळ फाइली मात्र पुसलेल्या नाहीत, त्यांची एक प्रत बहिणीकडे नाशिकरोडला ठेवली आहे.

जेलीफिनमध्ये लायब्ररी करताना, म्हणजे फोल्डर जोडताना, प्रकार 'होम व्हिडिओ' निवडा. मी आधी 'मूव्हीज' निवडलं होतं, तर रथाच्या टेपेवर कुठल्याशा परदेशी सिनेमाचं पोस्टर येऊन बसलं.

घराबाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएनसारखी (बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी) सोय आपली आपण करावी लागते. मला त्याची गरज नाही. विजेचं म्हणाल तर माझा कॉम्प्युटर रिकामा असताना ४० वॉट घेतो, म्हणजे दिवसरात्र ठेवला तर साधारण एक युनिट. मी तो संध्याकाळीच चालू करतो.

आईच्या नावाने वेगळं खातं केलंय, त्यात फक्त बाबांच्या टेपा दिसतात. जिथे थांबली तिथून पुढे सुरू होतं, आणि तिला सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच आहे. बाबा चित्रात जवळजवळ कुठेच नाहीत, कॅमेरा त्यांच्याच हातात. पण माइकच्या सगळ्यात जवळ तेच होते, त्यामुळे त्यांचा आवाज इतर सगळ्यांपेक्षा स्वच्छ येतो. पुराच्या टेपेत ते गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे कॅमेरा धरून कुणाला तरी म्हणतात, "मागे सर रे, मागे सर." तेवढंच आई तीन-तीनदा मागे नेऊन ऐकते.

मग ती सांगत जाते, ही कोण, तो कुणाचा मुलगा, आणि मी मोबाइलवरून त्या व्हिडिओच्या माहितीत लिहीत जातो. हा मजकूर व्हिडिओशेजारीच वेगळ्या फाइलीत साठवायचा पर्याय लायब्ररीच्या सेटिंगमध्ये असतो, तो आठवणीने चालू करा. म्हणजे पुढे कॉम्प्युटर बदलला तरी नावं टेपेसोबत राहतात. आमची तेरावी टेप चालू आहे.